ट्युशनचा तो मेसेज माझ्याच घरात शिरला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतेय

गेल्या रविवारी सकाळी सकाळी बेळगावकडच्या नंदगडहून वैनीचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, आम्ही पोराचं नुकसान केलं काय हो?" मला वाटलं शाळेतनं काही तक्रार आली असेल, नाहीतर पडलाबिडला असेल. तसलं काही नव्हतं. भाचा चौथीत आहे, खानापूरला इंग्लिश मीडियमला जातो, अभ्यासात मध्यम, खेळतो, जेवतो, सगळं ठीक. झालं होतं एवढंच की त्यांच्या गल्लीतल्या ग्रुपवर 'पालकांनो जागे व्हा' असा एक लांबलचक मेसेज आला, वैनीनं तो रात्री दोनतीनदा वाचला आणि सकाळपर्यंत ठरवून टाकलं की आता चालू असलेल्या एका ट्युशनबरोबर आणखी दोन लावायच्या आणि घरात मराठी बंद. माझ्या आईला, म्हणजे पोराच्या आजीला, सांगूनही झालं की ह्याच्याशी मराठीत बोलायचं नाही. आई सत्तरीच्या पुढची. तिला मराठी येतं आणि बाजारापुरतं कन्नड. ती नातवाशी बोलणार कशात?

तोच मेसेज त्याच आठवड्यात मला आणखी चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं माझ्याकडं येणाऱ्या मुलांचे पालक. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. एक, शिकागोच्या एका प्रोफेसरनं सिद्ध केलंय की ट्युशनला जाणारा मुलगा न जाणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढं असतो. दोन, म्हणून ट्युशन एल.के.जी.पासूनच लावा, सगळे लावतात, तुम्हीच मागं राहाल. तीन, चांगला ट्युशन सर तोच जो होमवर्क पूर्ण करून घरी पाठवतो आणि शाळेच्या आधी धडे संपवतो. चार, घरात आणि ट्युशनमध्ये मराठी बोलू नका, दोन-तीन भाषांनी मुलाचा मेंदू गोंधळतो. पाच, शाळेचेच सर घरी ट्युशन घेत असतील तर डोळे झाकून तिथंच घाला. सहा, गर्दीचा क्लास म्हणजे चांगला क्लास. सात, मार्कांची लेखी गॅरंटी देईल तोच क्लास निवडा. आणि शेवटी हात जोडलेले, दहा पालकांना पाठवा.

मी स्वतः बेळगावच्या वडगावात घरी ट्युशन घेते, १४ वर्षं झाली. बाजूला माग चालू असतात, त्या खडखडाटातच मुलं चटईवर बसून शिकतात. पहिल्या बॅचला पाच, दुसऱ्या बॅचला चार, त्याच्यावर मी घेत नाही. माझं घर ह्याच पैशावर चालतं, तेव्हा ही बाई ट्युशनच्या विरोधात आहे असं कुणी समजू नका. ट्युशन काय करू शकते आणि काय नाही हे रोज बघते म्हणूनच हा मेसेज वाचून डोकं फिरलं.

तर आधी तो शिकागोचा प्रोफेसर. ह्यात तथ्य आहे, मान्य करायला लागतंय. बेंजामिन ब्लूम हे नाव बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, माहीत असतं. त्यांनी १९८४ मध्ये 'एज्युकेशनल रिसर्चर' नावाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला, त्यात त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी, ॲनानिया आणि बर्क ह्यांनी, केलेल्या प्रयोगांची माहिती आहे. चौथी, पाचवी आणि आठवीची मुलं, तीन आठवडे, साधारण ११ तासिका. मुलांचे तीन गट केले. पहिला आपल्या नेहमीच्या वर्गासारखा, ३० मुलं, शिक्षक शिकवणार आणि मग परीक्षा. दुसरा वर्गपण ३० मुलांचाच, पण प्रत्येक भाग झाला की छोटी चाचणी, कुणाचं काय चुकलं ते बघायचं, ते दुरुस्त करायचं, परत चाचणी, मगच पुढचा भाग. तिसऱ्या गटात एका मुलाला एक शिक्षक, फार तर दोन-तीन मुलांना एक, आणि तीच चाचणीची आणि दुरुस्तीची पद्धत. ह्या तिसऱ्या गटातलं सरासरी मूल पहिल्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढं गेलं. आकडा खरा आहे, मेसेजवाल्यानं तो खोटा नाही लिहिलेला.

पण पुढचं सगळं त्यानं गिळून टाकलं. एक तर ती एकास एक ट्युशन होती. आपल्याकडं ज्याला ट्युशन म्हणतात तो चाळीस पोरं कोंबलेला हॉल असतो, म्हणजे ब्लूमच्या प्रयोगातला पहिला गटच की तो, ज्याला मागं टाकून बाकीचे पुढं गेले! शाळेतपण चाळीस, ट्युशनमध्येपण चाळीस, तर ९८ टक्क्यांचा आकडा ह्या हॉलला कुठनं लागू होणार?

दुसरं म्हणजे मधला गट. त्या गटात कसलीही ट्युशन नव्हती, शाळेचाच वर्ग, ३० मुलं, एकच शिक्षक, तरी तिथलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ८४ टक्के मुलांच्या पुढं गेलं, कारण काय तर चूक शोधली आणि दुरुस्त केल्याशिवाय पुढं ढकललं नाही. आणि ब्लूमनी तो लेख लिहिला तरी कशासाठी? त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येक मुलाला एकेक शिक्षक देणं कुठल्याच समाजाला परवडणारं नाही, तेव्हा वर्गात शिकवूनच तसा परिणाम कसा आणता येईल ते शोधूया. लेखाच्या नावातच हा शोध आहे. म्हणजे ज्या माणसानं शाळेचा वर्ग सुधारण्यासाठी लेख लिहिला त्याच माणसाचं नाव घेऊन हे लोक आपल्याला सांगायलेत की शाळेचा नाद सोडा आणि क्लासची फी भरा.

आणखी एक. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन ह्या अमेरिकन संशोधकांनी अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तर माणसानं घेतलेल्या ट्युशनचा परिणाम ब्लूमनी सांगितला त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. परिणामाचं जे माप काढतात ते ब्लूमचं २, ह्यांचं ०.७९. म्हणजे सरासरी मूल १०० पैकी साधारण ७८ जणांच्या पुढं. हेपण कमी नाही, चांगली ट्युशन मुलाला उपयोगी पडते हे त्यातनं दिसतंच, मीपण तेच म्हणते. फक्त चांगली म्हणजे काय ते नीट बघा.

जाता जाता, हे मुलाच्या गतीनं शिकवायचं प्रकरण आपल्याला परकं नाही. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात 'नलि-कलि' सुरू झालं, नंतर राज्यभर सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला आलं. कार्डं, गट, शिडी, मूल एक पायरी चढलं की मगच पुढची. कुठं चांगलं चाललं, कुठं नुसतं कपाटात राहिलं, ते त्या त्या बाईंवर आणि मास्तरांवर. पण नंदगडच्या माणसाला ही गोष्ट शिकागोहून मागवायची गरज नाही एवढंच.

दुसरा मुद्दा, सगळेच लावतात. नाही लावत. 'असर' नावाच्या शिक्षण पाहणीचा २०२२ चा अहवाल बघा, ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांतली साधारण ३० टक्के मुलं पैसे देऊन ट्युशनला जातात. २०१८ मध्ये २६ टक्के होती, म्हणजे वाढतंय हे खरं, पण दहातली सात मुलं जात नाहीत. बिहारमध्ये ७० टक्क्यांच्या वर जातात आणि म्हणून तिथल्या शाळा आपल्यापेक्षा पुढं गेल्या असं काही कुणी म्हणत नाही. एल.के.जी.च्या पोराला ट्युशन लावणं ह्याच्यावर तर मला बोलायचंच नाही. चार वर्षांच्या पोराला संध्याकाळी अंगणात सोडा, चिखलात खेळू दे.

तिसरा मुद्दा मात्र सोडणार नाही, कारण त्यानंच जास्त घोळ केलाय. होमवर्क पूर्ण करून पाठवणारा तो चांगला सर.

फोन ठेवला आणि दुपारच्या बसनं मी नंदगडला गेले. भाच्याची ट्युशनची वही मागितली. वही बघितली तर नवल वाटेल, एकही चूक नाही, प्रत्येक पानावर लाल टिक आणि खाली 'गुड'. हातच्याची वजाबाकी दोन पानं भरून, सगळी बरोबर. मी जमिनीवर खडूनं एक गणित लिहून दिलं, ६२ वजा ३८. त्यानं पटकन लिहिलं, ३६. मी म्हटलं, कसं केलंस सांग. म्हणाला, "दोनातनं आठ जात नाहीत ना आत्ती, मग आठातनं दोन काढले." आणखी तीन गणितं दिली, तिन्हीत तसंच. म्हणजे पोरानं स्वतःचा एक नियम केलाय, मोठ्यातनं लहान काढायचं, वर असो का खाली. आळस नाही, बेफिकिरी नाही, त्याच्या डोक्यात तोच नियम पक्का बसलाय. मग वहीत बरोबर कसं? "सर बोर्डावर लिहितात, आम्ही उतरून घेतो."

बघा म्हणजे. शाळेच्या टीचरनं होमवर्क कशाला दिला? कोणाचं काय चुकतंय ते कळावं म्हणून. ट्युशनच्या सरनं ते सगळं बरोबर करून पाठवलं. टीचरला वाटलं पोराला येतंय, वैनीला वाटलं येतंय, आणि पोराला वाटलं उतरून घेणं म्हणजेच गणित. तिघांनाही फसवलं, वर महिन्याला फी. चूक हीच तर ट्युशन सरची कामाची गोष्ट, ती झाकून टाकायची मग बघायचं काय? माझ्याकडं नवीन मूल आलं की पहिला आठवडा मी काही शिकवतच नाही, नुसती गणितं आणि वाचन देते आणि कुठं चुकतंय ते कोपऱ्यात लिहून ठेवते. पालक विचारतात, बाई अजून सुरू नाही केलं? मी सांगते हेच सुरू आहे. सातवीतलं पोरगं गणितात नापास होतं आणि शोधत शोधत मागं गेलं की त्याचं भांडं तिसरीच्या वजाबाकीत नाहीतर चौथीच्या भागाकारात फुटलेलं असतं. तिथं जाऊन बसायचं, पंधरा दिवस लागोत नाहीतर दोन महिने. आणि शाळेच्या आधी धडे संपवायचे हे तर कशासाठी ते मला कळलेलंच नाही. पोरगं वर्गात बसून, हे मला येतंय म्हणून खिडकीतनं बाहेर बघणार, आणि टीचर काय सांगतेय ते ऐकायची सवय मोडणार.

पाचवा मुद्दा, शाळेच्याच सरांकडं घाला. हे कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २८, एका ओळीचं आहे, कुठल्याही शिक्षकानं खाजगी ट्युशन घ्यायची नाही. आणि त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की प्रत्येक मुलाला किती येतंय ते बघून लागेल तसं जादा शिकवणं हे शिक्षकाच्या कर्तव्यातच येतं. म्हणजे शाळेतच, पगारातच. कायदा असा का केला असेल ते मला पुस्तकातनं कळायची गरज नाही. गेल्या वर्षी माझ्याकडं येणारी सातवीतली एक मुलगी अचानक बंद झाली. तिची आई येऊन खालमानेनं सांगून गेली की वर्गाच्या सरांकडं लावलंय, नाहीतर ते वर्गात हिच्याकडं बघतच नाहीत आणि चाचणीच्या आधी तिकडच्या पोरांना कुठले प्रश्न करा ते सांगतात. शाळेचं नाव मी घेणार नाही. ती आई मागावर काम करते, तिनं काय करायला पाहिजे होतं हे मला आजपण सांगता येत नाही. आणि हेही तेवढंच खरं की दहावीच्या पोरांना संध्याकाळी शाळेत थांबवून एक पैसा न घेता जादा तास घेणारे मास्तर आपल्या खानापूर आणि बेळगाव तालुक्यात आहेत, काही मास्तर तर मुलींना घरापर्यंत सोडायला जातात. त्यांचा अपमान होतो असल्या मेसेजनं.

सहावा आणि सातवा एकदमच घेते. गर्दीबद्दल वर बोललेय. गॅरंटीबद्दल, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, ५० हून जास्त मुलं असलेल्या सेंटरना त्या लागू होतात, त्यात साफ लिहिलंय की १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, रँकची आणि मार्कांची गॅरंटी देऊ नका, आणि मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या महिन्यांची फी परत करा. अंमलबजावणी राज्यांच्या हातात आहे हे कळतंय मला. पण जी गोष्ट करू नका म्हणून सरकार सांगतंय तीच बघून क्लास निवडा असं हा मेसेज सांगतोय. एस.एस.एल.सी.चे, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीचे, ६२५ मार्क कुणाच्या खिशात नसतात हो. मुलाच्या मार्काची लेखी हमी द्यायची तर पेपर तरी मुलाच्या जागी त्यानंच लिहायला पाहिजे.

आता चौथा मुद्दा. हा मी शेवटी ठेवला कारण बाकीच्यांनी पैसे जातात, ह्यानं घर जातं.

घरात मराठी बोलू नका, मेंदू गोंधळतो. हे वाक्य दिल्लीत बसून कुणी लिहिलं असतं तर एकवेळ समजलं असतं. पण आपण बेळगावकडची माणसं! इथं पोरगं घरात मराठी बोलतं, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, टीव्हीवर हिंदी, शेजारी उर्दू असेल तर तेपण कळतं, आणि शाळेत इंग्लिश. आमचे आजे-पणजे हेच करत आले, शहापूरच्या बाजारात उभं राहून दोन भाषांत भाव करणारी अंगठाबहाद्दर बाई मी लहानपणापासनं बघतेय, तिचा हिशेब एका पैशानं चुकत नाही. कुणाचा मेंदू गोंधळला?

परत त्या वजाबाकीकडं जाऊया. ३६ लिहिल्यावर मी त्याला विचारलं, सिक्स्टी टू म्हणजे काय? घडाघडा म्हणाला, "टेन्स प्लेस सिक्स, वन्स प्लेस टू." शंभर टक्के बरोबर. मग खराट्याच्या काड्या मोडून त्याच्यासमोर ढीग ठेवला आणि म्हटलं, ह्यातल्या सिक्स्टी टू काढून दे. तर एक, दोन, तीन, चार करत मोजायला बसला. म्हणजे टेन्स प्लेस हे त्याला पाठ होतं, त्याच्यात दहा-दहाचे सहा गठ्ठे आहेत हे कुठंच गेलं नव्हतं. मी समजावून सांगायला लागले, दशक, एकक, त्याला तेही शब्द नवीन. माझी आई दाराशी बसून मेथी निवडत होती, सकाळपासनं गप्प, सुनेनं सांगितलंय म्हणून. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, "अरे दहा-दहाच्या जुड्या बांध की. बाजारात कोथमीर बघतोस नव्हं?"

पोरानं रबर आणले, सहा जुड्या बांधल्या, दोन काड्या सुट्ट्या उरल्या. आजी म्हणाली, आता मला अडतीस दे. त्यानं तीन जुड्या दिल्या, मग सुट्ट्या आठ द्यायच्या होत्या, हातात दोनच. थांबला. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एका जुडीचा रबर काढला. कुणी सांगितलं नाही त्याला. बारातनं आठ मोजून दिल्या, उरलेलं समोर मांडलं, दोन जुड्या आणि चार काड्या. मग जमिनीवरचे ३६ हातानं पुसून २४ लिहिलं आणि म्हणाला, "म्हणजे आत्ती, हातचा म्हणजे जुडी सोडायची." त्याच्या ट्युशनच्या दोन पानांत जे झालं नाही ते वीस मिनिटांत झालं, आणि ज्या शब्दानं झालं तो शब्द त्या घरात सकाळीच बंद केलेला होता.

मराठीत अडचण नाहीच असं मी म्हणणार नाही. आकड्यांच्या नावांचंच घ्या. बासष्ट म्हणताना दोन आधी ऐकू येतो, साठ मागनं, म्हणून आपली लहान मुलं ६२ ऐकून २६ लिहितात. महाराष्ट्रात २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' अशी पद्धत दिली तर केवढा गदारोळ झाला, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना सगळीकडं खुलासे देत बसावं लागलं. पण आपल्या पोरांना त्याचा तोडगा दाराबाहेरच मिळतो. कन्नडमध्ये अरवत्तेरडु, अरवत्तु म्हणजे साठ, एरडु म्हणजे दोन, साठ आधी आणि दोन मागनं, अगदी आकडा लिहितात तसं. माझ्याकडं कुणी ६२ चे २६ केले की मी विचारते, कन्नडमध्ये म्हण बघू. म्हणतं आणि स्वतःच खोडून बरोबर लिहितं. तीन भाषा असलेल्या पोराकडं एकाच आकड्याकडं बघायच्या तीन खिडक्या आहेत आणि हा मेसेज म्हणतो त्यातल्या दोन विटा लावून बंद करा.

विज्ञानाचं तर विचारूच नका. सहावीतली मुलं माझ्यासमोर फोटोसिंथेसिसची व्याख्या एका दमात म्हणतात, मधे थांबवून विचारलं की झाड जेवतं कधी, दिवसा का रात्री, तर गप्प. मराठीत पाच मिनिटं बोललं, शेतातला ऊस सावलीत का वाढत नाही विचारलं, की तीच मुलं स्वतः सांगतात. मग व्याख्या इंग्लिशमध्ये लिहा म्हणते, लिहितात, आणि ती विसरत नाहीत. ट्युशन बाईचं काम इथंच तर आहे, शाळेची भाषा आणि घरची भाषा ह्यांच्या मधे उभं राहून हात द्यायचा. घरची भाषाच काढून टाकली तर मी हात देऊ कुठनं?

ह्यात अर्धी गोष्ट खरी आहे, तीपण सांगते. इंग्लिश लागतंच. मराठी माध्यमातनं दहावी झालेलं मूल पी.यू.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतं तेव्हा सगळं एकदम इंग्लिशमध्ये येतं, घनता म्हणून शिकलेलं डेन्सिटी होतं, लसाविचं एल.सी.एम. होतं, हुशार पोरंसुद्धा पहिले दोन-तीन महिने वर्गात रडकुंडीला येतात, मीच अशा मुलींचे अश्रू पुसलेत. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडनं एक वही करून घेते, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्लिश, पोरींनी स्वतः भरायची, रोज वीस. तिथं ट्युशनचा खरा उपयोग आहे आणि ज्याला परवडतं त्यानं जरूर लावावी. पण त्या मुली घनता म्हणजे काय हे आधी समजून आलेल्या असतात म्हणूनच डेन्सिटी त्यांना आठ दिवसांत येते. समजलेल्या गोष्टीला दुसरं नाव देणं सोपं असतं.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. संविधानात ३५० अ कलम आहे, १९५६ मध्ये घातलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची सोय राज्यानं करावी म्हणून. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ पण सांगतं, शक्य असेल तिथवर मातृभाषेतनं शिकवा. आपण सीमाभागातली माणसं ह्या कलमांची नावं घेऊन किती निवेदनं देतो. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला माझा भाऊ दरवर्षी नंदगडहून बेळगावला येतो, दंडाला काळी फीत बांधून. त्याच भावाच्या घरात, कुठल्या सरकारनं नाही, कुठल्या पोलिसानं नाही, एका मेसेजनं त्याच्या आईला नातवाशी मराठी बोलायचं बंद केलं आणि तो ऐकून गप्प बसला. मी त्याला समोरासमोर हेच बोलले आणि इथंपण लिहितेय. इंग्लिश मीडियमला घातलंस, तुझा निर्णय आहे, मी नावं ठेवत नाही, कन्नडपण पोराला चांगलं आलं पाहिजे, ह्या राज्यात राहायचं आहे. पण आजीचं तोंड बंद करून इंग्लिश येत नाही रे.

वैनी चांगली आहे. पोरासाठी जीव टाकते, म्हणूनच असल्या मेसेजला बळी पडते. तिला मी एवढंच सांगितलं की आता ज्या सरांकडं जातोय त्यांना जाऊन एकच प्रश्न विचार, माझं पोरगं नेमकं कुठं अडलंय? उत्तर सांगता आलं तर राहू दे तिथंच. 'लक्ष देत नाही', 'प्रॅक्टिस कमी आहे' असलं काही म्हणाले तर महिना संपला की थांबव. दोन नवीन क्लासपैकी एकाची ३००० रुपये फी भरून झालीय, ती परत देतात का बघायचं आहे. दुसऱ्याला नको म्हणून कळवलं. मराठीचं तिला अजून पूर्ण पटलेलं नाही, भीती आहे तिच्या मनात, मला कळतंय ते. पण आईला परत बोलायची मोकळीक मिळालीय.

काल रात्री भाच्याचा फोन आला. "आत्ती, आजी म्हणते एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन. मग त्यात साठ कशाला म्हणायचं? साठ तर झालेच नाहीत अजून." मी म्हटलं सहा जुड्या बांधून ठेव आणि एक काडी काढून बघ. तर म्हणाला, "काढली, पण मग ती जुडी नऊचीच राहिली, तिला जुडी म्हणायचं का?" मी म्हटलं रविवारी येते, आजीला विचारूया.